सात मुठींची भाकर

रिठदच्या बाजारात गोजराबाई आली की वांगी विकणारे मऊ पडलेला माल आपणहून टोपलीच्या तळाशी सारायचे. बाई घासाघीस करत नव्हती, उधार मागत नव्हती. पण एखादं मऊ वांगं हाताला लागलंच, तर ते वर धरून चारचौघांत असं काही बोलायची की विकणाऱ्यानं दुसऱ्या आठवड्याला दुसऱ्या बाजाराची वाट धरावी. तोंडाची फटकळ आणि हाताची चोख अशी ती बाई, आणि हे दोन्ही तिला स्वतःला पक्कं ठाऊक होतं. आपलं काही चुकलं असं उभ्या जन्मात तिला फार कमी वेळा वाटलं. त्यातल्या एका वेळची ही हकिकत आहे.

रिठद गाव संपून ओढा लागायच्या आधी ख्रिस्ती लोकांची सात घरं होती. गाव त्या वस्तीला सातघरी म्हणायचं. बहुतेक सगळी मोठ्या दुष्काळातून वाचलेली माणसं. गोजरा त्या दुष्काळात सहा-सात वर्षांची असेल. मायबाप वाटेतच गेले. तिच्याहून तीनेक वर्षांनी मोठी असलेली प्रयाग नावाची एक पोर तिचा हात धरून चालत राहिली, आणि दोघी वाशीमला मिशनच्या बंगल्यावर जाऊन पोचल्या. तिथं पोटाला मिळालं, अक्षरं मिळाली, प्रार्थना मिळाली. सोळाव्या वर्षी रामकिसन सुताराशी लग्न लावून तिला सातघरीत पाठवलं. प्रयागबाईही पुढं त्याच वस्तीत नांदायला आली. रामकिसन म्हणजे देवमाणूस. दिवसाकाठी दहा शब्द बोलायचा, त्यातले सहा बैलांशी. घरात बोलण्याचं सगळं काम गोजराबाईकडेच आलं आणि तिनं ते कुरकुर न करता सांभाळलं.

वस्तीत मातीच्या भिंतींचं, कवेलूच्या छपराचं एक मंदिर होतं. रविवारची उपासना तिथंच व्हायची. पण प्रभुभोजन द्यायचा अधिकार फक्त पाद्रीसाहेबांचा, आणि उदयसिंग पाद्री वाशीमहून बैलांच्या दमणीत बसून यायचे ते तीन महिन्यांतून एकदा. त्या दिवशी टेबलावर पांढरं फडकं, मनुका भिजवून काढलेला रस, आणि गव्हाची एक जाड भाकर. प्रभू येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून एकाच भाकरीतला तुकडा सगळ्यांनी खायचा.

आता गहू. सातघरीत कुणाच्या घरी गव्हाचं पोतं पडलेलं नव्हतं. ज्वारी खाणारी माणसं. गहू म्हणजे सणाचा, पाहुण्याचा, आजाऱ्याचा. म्हणून अगदी पहिल्या वर्षीच गोजराबाईनं तोड काढली होती. आदल्या दिवशी दुपारी प्रत्येक घरच्या बाईनं एक मूठ गहू आणायचा आणि तिच्या ओसरीवरच्या सुपात टाकायचा. सात घरच्या सात मुठी. तेवढ्यात एक भाकर होते, आणि ती सगळ्यांची होते. दळायची गोजराबाई, भाजायची गोजराबाई. हे बावीस वर्षं चाललं.

आणि भाकर अशी की काय सांगावं. वर तांबूस ठिपके, काठाला चीर नाही, मधे कच्चं नाही. उपासना संपून दमणीत बसताना पाद्रीसाहेब दर वेळी म्हणायचे, "गोजराबाई, अशी भाकर वाशीमलाही होत नाही हो." बाई तोंडानं म्हणायची, "देवाची दया, साहेब." पण खरं सांगायचं तर त्या एका वाक्यावर तिचे पुढचे तीन महिने निघायचे. मिशनच्या अंगणात बशी घेऊन रांगेत उभी राहणारी पोर होती ती. आपल्या हातचं काहीतरी अख्ख्या मंडळीच्या मधोमध मांडलं जातं, आणि ते दुसऱ्या कुणाला जमत नाही, ही गोष्ट तिनं कुणापाशी बोलून दाखवली नव्हती. देवापाशीही नाही.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर हेमसिंग मास्तर वस्तीच्या शाळेवर आला. सोबत बायको, कमलीबाई. वय वर्षं तेवीस-चोवीस, माहेर कारंज्याकडचं. गळा असा की तिनं भजन उचललं की गावातल्या बायाही पाण्याला जाता जाता मंदिराच्या भिंतीशी थांबायच्या. पहिले चार महिने दोघींचं फार गूळपीठ. गोजराबाईनंच तिला शेणाची जागा दाखवली, ताक कुणाकडे मिळतं ते सांगितलं, तिच्या चुलीचा धूर होत होता तर चूल मोडून नवीन घालून दिली. कमली तिला मावशी म्हणायची.

दसरा झाल्यावर एका शुक्रवारी कमलीनं विचारलं, "मावशी, नाताळाची भाकर यंदा मी करू का? मलेबी येते."

गोजराबाई म्हणाली, "येत असंन. पन ही भाकर येन्या-न येन्याची गोष्ट नाई."

"मंग कायची हाय?"

या प्रश्नाला गोजराबाईकडे उत्तर नव्हतं. ती आयुष्यात उत्तराविना राहिलेली बाई नव्हती, म्हणून तिला आणखीच राग आला. "तू आत्ता काल आली, बाई," एवढं बोलून ती उठून गेली.

कमलीही काही गरीब गाय नव्हती बरं का. तिनं दोन घरी जाऊन हळूच सांगितलं की मावशीची भाकर दिसायला देखणी, पण कडक असते, म्हाताऱ्यांच्या दातांना त्रास होतो, आमच्या कारंज्याकडं तर दुधात भिजवून नरम करतात. एक भाकर करायची म्हणजे सेवा, असं ती म्हणायची. पण तिचंही मन भाकरीपेक्षा त्या पांढऱ्या फडक्यावर होतं. नव्या गावात, परक्या माणसांत, सगळ्यांसमोर आपलं काहीतरी मांडलं जावं, असं तिला फार वाटत होतं. म्हणजे दोघींना हवं होतं ते एकच, आणि ते एकीलाच मिळण्यासारखं होतं.

इथून पुढं सातघरीत जे सुरू झालं, ते दुसरीकडे कुठं होणार नाही. गावातल्या बायकांचं भांडण झालं तर त्या विहिरीवर भांडतात, झिंज्या धरतात, संध्याकाळी मोकळ्या होतात. ख्रिस्ती बायांना तशी सोय नव्हती. भांडायचं नाही, शिवी द्यायची नाही, सूर्य मावळायच्या आत राग सोडायचा, अशी शिकवण. मग त्या दोघी भांडल्या कुठं? प्रार्थनेत.

शुक्रवारी दिवस कलला की मंदिरात प्रार्थनासभा भरायची. सगळे डोळे मिटून बसायचे आणि ज्याला वाटेल त्यानं मोठ्यानं प्रार्थना करायची. कुणी प्रार्थना करत असताना मधे बोलणं म्हणजे मोठं पाप. झालं. यापेक्षा चांगली जागा कुठली मिळणार?

कमलीनं सुरुवात केली. "हे कृपाळू बापा, ज्या बहिनी तुही सेवा आपली जहागीर समजून राह्यल्या, त्याहीचं मन मोठं कर." पाठीमागून तीन घरचं "आमेन" आलं.

गोजराबाईनं श्वास घेतला. "हे प्रभू, नव्या लेकराले तू गोड गळा देल्ला, तुहे उपकार. आता त्या गळ्याले थोडं आवरनंबी दे, म्हनजे तो घरोघर फिरनार नाई." तिच्या बाजूच्या घरांचं "आमेन" जरा जास्तच जोरात झालं.

पुढच्या शुक्रवारी हेमसिंग मास्तरानं पुस्तकी मराठीत गर्विष्ठांच्या पतनाविषयी पाव तास प्रार्थना केली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी गोजराबाईनं तरण्या पोरींच्या उतावळेपणाविषयी अर्धा तास. दोन्ही बाजूंनी डोळे घट्ट मिटलेले आणि कान टवकारलेले. म्हशी दाव्याला ओरडायच्या, चुली थंड पडायच्या, पण कुणी आधी उठत नव्हतं, कारण उठलं की शेवटचा शब्द दुसऱ्याचा होणार. एकदा रामकिसननं प्रार्थना केली. "देवा, आता पुरे कर," एवढंच म्हणाला. त्या एका प्रार्थनेला दोन्हीकडून आमेन आलं, पण पाळलं कुणी नाही.

तुम्ही हसाल. गावही हसत होतं. रऊफच्या किराणा दुकानात मनुका घ्यायला गोजराबाई गेली तर तो म्हणाला, "बाई, रस एका भांड्यात काढनार का दोन?" ती म्हणाली, "तू तुह्या तराजूकडं ध्यान दे." पण घरी येईपर्यंत तिचे कान तापलेले होते.

हसण्यावारी जाईल असं ते उरलं नव्हतं. सात घरांत चार आणि तीन असे तट पडले. पलीकडच्या तटातल्या एका घरी म्हैस अडली. वस्तीत अडलेलं जनावर सोडवायचा हात फक्त रामकिसनचा. पण ते घर बोलवायला आलं नाही, आणि ओरडणं ऐकू येत असताना गोजराबाईनंही नवऱ्याला म्हटलं, "बोलावल्याशिवाय जाऊ नोका." म्हैस वाचली. रेडकू गेलं. रामकिसन दोन दिवस जेवणावर मान खाली घालून बसला, आणि गोजराबाईनं त्याला वाढताना दुसरीकडे बघितलं.

त्याच आठवड्यापासून प्रयागबाई शुक्रवारी यायची थांबली. चाळिशी ओलांडली तशी ती म्हातारीच दिसायला लागली होती, डोळ्यांनी अधू. गोजराबाई तिच्या दारी गेली.

"काहून येत नाईस वं? आंग दुखून राह्यलं का?"

"आंग बरं हाय," प्रयागबाई म्हणाली. "तिथं देवाशी कोनीच बोलत नाई. मंग मी म्हातारी तिथं येऊन काय करू?"

"मी बोलतो देवाशी."

"तू कमलीशी बोलतेस. देव मधात बसलेला असते म्हनून त्याले ऐकू जाते. तू त्याच्यापाशी मागतेस ना, ते काठी मागल्यासारखं मागतेस. कमलीच्या पाठीत घालाले. तो कायले देईन?"

"मी माह्यासाठी आजवर काई मागतलं नाई, प्रयागे. जे केलं ते देवासाठी केलं."

"भाकरबी?"

"भाकरबी."

"मंग देवाले कोनाच्याबी हातची चालंन की."

या बाईनं दुष्काळात तिचा हात सोडला नव्हता, म्हणून गोजराबाई तिला उलट बोलली नाही. पण घरी येऊन तिनं तीन भांडी उगीच घासली.

नाताळानंतरच्या रविवारी पाद्रीसाहेब येणार होते. शनिवारी दुपारी बाया मुठी घेऊन आल्या. पलीकडच्या तटातल्याही आल्या, कारण भाकरीला मूठ न देणं म्हणजे मंडळीतून उठणं, आणि तेवढं कुणाच्या मनात नव्हतं. आल्या, सुपात गहू टाकला, न बोलता गेल्या. सगळ्यांत शेवटी कमली आली. मूठ घट्ट आवळलेली. गोजराबाईनं सूप पुढं केलं नाही. शेजारी वाटी होती, ती पुढं सरकवली. कमलीनं एकदा वाटीकडे पाहिलं, एकदा मावशीकडे, आणि मूठ वाटीत सोडून निघून गेली.

ती वळणाआड गेल्यावर गोजराबाईनं वाटी उजेडात धरली. दाणे बारीक होते, चारदोन किडीनं टोकरलेले. तिला आतून बरं वाटलं. अगदी खरं सांगते, बरं वाटलं तिला. "किडके दाने देवाच्या भाकरीत कसे घालू?" ती मोठ्यानं म्हणाली. ऐकायला तिथं कुणी नव्हतं. मग ती अंगणात गेली आणि वाटी कोंबड्यांपुढं उपडी केली. कोंबड्यांना फार वेळ लागला नाही.

निवडता आले असते. तिच्यासारख्या बाईला चार किडके दाणे काढायला कितीसा वेळ? पण ते तिनं तेव्हा मनात येऊ दिलं नाही. सातव्या मुठीच्या जागी तिनं आपल्याच डब्यातला बन्शी गहू घातला, टपोरा, सोन्यासारखा. आणि भाकर झाली ती बावीस वर्षांत झाली नव्हती अशी. रामकिसननं ती पाहिली आणि म्हणाला, "देखनी झाली." दहा शब्दांतले दोन त्यानं भाकरीवर खर्च केले, म्हणजे बघा.

रविवारी मंदिर भरलं. डावीकडे चार घरं, उजवीकडे तीन, मधे चालायला जागा. आता पाद्रीसाहेब काही खुळे नव्हते. वस्तीत काय चाललंय ते वाशीमपर्यंत पोचलेलं होतं. त्यांनी उपदेशाला उभं राहून कुणाला रागावलं नाही. टेबलाजवळ गेले, फडकं बाजूला केलं आणि भाकर दोन्ही हातांत उचलून सगळ्यांना दाखवली.

"तुमच्यात काय झालं ते मला ऐकायचं नाही," ते म्हणाले. "तुम्ही एकमेकांच्या दारी जात नसाल. बोलत नसाल. पण या भाकरीकडे पाहा. हिच्यात सातही घरचा दाणा आहे. गोजराबाईचा गहू आणि कमलीबाईचा गहू एका जात्यात भरडला गेला. आता कुणी देवदूत उतरला तरी तो यातून वेगळा काढू शकणार नाही. तुम्ही भांडलात, पण तुमच्या भाकरीनं ऐकलं नाही. मंडळी अजून एक आहे, त्याचा पुरावा हा माझ्या हातात आहे."

उजवीकडे कमलीनं पदर डोळ्यांना लावला. गोजराबाईनं ते पाहिलं. कमली हळूच शेजारच्या बाईला म्हणाली, "आमचाबी हाय त्याच्यात." आणि त्या पोरीच्या तोंडावर असं काही समाधान आलं की गोजराबाईला बघवेना.

ती जिंकली होती. कुणी पाहिलं नव्हतं, कोंबड्या बोलणार नव्हत्या. गप्प बसली असती तर भाकर जन्मभर तिचीच होती. आणि बोलली, तर सगळ्यांदेखत तिच्या हातून जाणार होती. बावीस वर्षांचं नाव जाणार होतं. सातघरीत, रिठदच्या बाजारात, वाशीमच्या बंगल्यापर्यंत लोक म्हणणार होते की तीच ती, जिनं प्रभूच्या टेबलावर लबाडी मांडली. पाद्रीसाहेबांनी भाकर मोडायला अंगठे टेकवले.

"साहेब, थांबा," गोजराबाई म्हणाली.

ती उभी राहिली. आवाज नेहमीचाच खणखणीत निघाला. दुसरा आवाज तिच्याकडे नव्हता.

"मोडू नका. त्याच्यात कमलीचे गहू नाईत. मी ते कोंबड्यायले टाकले. किडके होते म्हनून टाकले असं मी मनाले सांगतलं. पन कमलीचे होते म्हनून टाकले. ती भाकर सात घरची नाई. माही एकलीची हाय."

रामकिसन जागेवरून उठला आणि बायकोच्या मागं येऊन उभा राहिला. पाद्रीसाहेबांनी भाकर खाली ठेवली आणि वर फडकं टाकलं.

मग कमली उठली. सगळ्यांना वाटलं, आता ही तोंड सोडणार, आणि सोडलं असतं तर कुणी दोष दिला नसता.

"ते आमच्या घरचे शेवटचे गहू होते, मावशी," ती म्हणाली. "मडकं पालथं केलं तेव्हा मूठ भरली. किडके हायेत ते मलेबी दिसत होतं. पन दुसरे नव्हते." तिनं पदर खोचला. "पन मीबी सांगतो. मी दोन महिने रोज गुडघे टेकून मागून राह्यली होती, की यंदा मावशीची भाकर तव्यावर जळावी."

मागच्या भिंतीपाशी प्रयागबाई बसली होती. आज प्रभुभोजन म्हणून आली होती. तिला हसू फुटलं. म्हातारी तोंडावर हात दाबून हसली आणि म्हणाली, "बिचारा देव. त्यानं कोनाचं ऐकावं?" कुणीतरी खुसखुसलं, मग कुणी तरी मोठ्यानं नाक ओढलं, आणि त्या गर्दीतली दोन-तीन माणसं रडत होती की हसत होती ते त्यांनाच कळलं नसावं.

पाद्रीसाहेब म्हणाले, "आज प्रभुभोजन करता येणार नाही. तुम्ही दोघींनी समेट करावा. मी तीन महिन्यांनी येईन तेव्हा—"

"तीन महिने कायले, साहेब?" गोजराबाई म्हणाली. लाज कितीही वाटली तरी बाई ती बाईच. "जातं हाय, चूल हाय, आमी दोघी हाय. तुमी भजनं म्हना. बैलाले चारा टाकाले लावतो. पुन्हा मुठी आना वं सगळ्या."

बाया घरोघर धावल्या. सहा मुठी सुपात पडल्या. कमली तशीच उभी. गोजराबाईनं आपल्या डब्यातली मूठभर बन्शी तिच्यापुढं धरली. "हे घे. तुह्या हातानं टाक. माह्याकडनं फेड समज."

"तुमचे गहू माह्या मुठीत आले म्हनून माहे होत नाईत," कमली म्हणाली.

गोजराबाईला राग यायला हवा होता. पण हे उत्तर इतकं तिच्याच जातीचं होतं की तिला ती पोरगी पहिल्यांदा मनापासून आवडली. "ज्वारी हाय घरी?"

"ज्वारी हाय. नवी हाय."

"मंग ज्वारीच आन."

पाद्रीसाहेब दारातून म्हणाले की प्रभुभोजनाची भाकर गव्हाचीच असते, आजवर गव्हाचीच होत आली. गोजराबाई म्हणाली, "सातव्या घरी गहू नाई, साहेब. सातवं घर सोडू का गहू सोडू, ते तुमी सांगा." साहेब भजन म्हणायला आत वळले.

पुढं सातघरीत भाकरीची पाळी लागली, दर वेळी वेगळं घर. गोजराबाई त्यानंतर बारा-तेरा वर्षं जगली, आणि दुसऱ्यांच्या भाकरीला नावं ठेवायची तिची खोड काही पुरती गेली नाही. कमलीशी तिची पुढंही चांगली जुंपायची, फक्त आता अंगणात, उघड्या डोळ्यांनी. प्रयागबाई म्हणायची, ते बरं. पण गोजराबाईच्या जन्माची गोष्ट सांगायची तर ती त्या दिवसाशीच थांबवायला हवी.

दोघी जात्याला बसल्या. कमली घाई करत होती, गोजराबाई सावकाश ओढत होती, त्यामुळं पीठ जाडंभरडं पडलं. "हळू ओढ," असं गोजराबाई एकदा म्हणाली. "तुमी जोर लावा," असं कमली एकदा म्हणाली. मळताना ज्वारीमुळं गोळा जुळेना. थापताना काठाला चिरा पडल्या. तव्यावर उलटताना भाकर सरळ दोन तुकडे झाली, आणि एका बाजूला काळी पडली. दुसरी करायला पीठ नव्हतं. आत भजन संपत आलं होतं.

ताट उचलून गोजराबाई मंदिरात शिरली. सगळी मंडळी ताटाकडे बघत होती. टेबलापर्यंत पंधरा-वीस पावलं असतील. तेवढ्या वाटेत तिच्या जिभेवर एक वाक्य येऊन बसलं, ज्वारी घातली ना, म्हनून तुटली. खोटं नव्हतं ते. एवढं म्हटलं असतं की भाकर कमलीची झाली असती आणि हात गोजराबाईचे तसेच चोख राहिले असते. पाठीमागून कमली रसाचा प्याला घेऊन येत होती, आणि ती आधीच मान खाली घालून चालत होती. तिला ठाऊक होतं की मावशी आता काय म्हणणार.

पाद्रीसाहेबांनी ते दोन तुकडे पाहिले आणि गोजराबाईकडे पाहिलं.

"मी केली," गोजराबाई म्हणाली. "आज माह्या हातानं अशीच झाली. घ्या, मोडा."